काळ्या खिडकीपुढे अर्ज करण्याची रीत

नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या चार स्थानकांच्या पूर्वेस वा पश्चिमेस ज्यांचे वास्तव्य आहे, जे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या अथवा चौथ्या वर्षात शिकत आहेत, किंवा ते वर्ष संपवून 'सध्या तयारी चालू आहे' हे उत्तर ज्यांच्या जिभेवर कायमचे वस्तीस आले आहे, अशा समस्त उमेदवारांस कळविण्यात येते की, कोडिंगच्या कोड्यांचा सराव करण्याचे जे एक साधन चित्रे, रंग आणि बटणे यांचा त्याग करून केवळ टंकलिखित आज्ञांवर चालते, ते आपल्या यंत्रावर यथाविधि स्थापन करण्याची रीत पुढे दिली आहे. उमेदवाराने ती शांत चित्ताने वाचावी. चित्त शांत नसल्यास निदान विरार फास्टमध्ये उभ्याने वाचू नये.

साधनाचे नाव एक्सरसिझम. कॅट्रिना ओवेन या बाईंनी २०१३ साली हा उपक्रम सुरू केला. आज त्यात ७० हून अधिक संगणकभाषांतील कोडी विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि कोडे सोडविल्यावर, उमेदवाराची तशी इच्छा असल्यास, जगाच्या पाठीवरील कोणी स्वयंसेवक त्याचे उत्तर डोळ्यांखालून घालून चार शब्द सांगतो. हेच सर्व ब्राउझरमध्ये, म्हणजे नेहमीच्या रंगीत खिडकीतही करता येते, ही गोष्ट येथे मुद्दाम आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी फसवणुकीची फिर्याद दाखल करू नये. मग काळ्या खिडकीची, म्हणजे टर्मिनलची, उठाठेव कशासाठी? तर ज्या यंत्रावर थोरल्या भावाने, त्याच्या आधी मावसभावाने आणि मधल्या काळात साऱ्या घराने मिळून काम केले आहे, त्यावर ब्राउझर उघडला की पंखा विमानासारखा घरघरतो आणि बाकीचे सारे व्यवहार तहकूब होतात. उलट हे साधन गो नावाच्या भाषेत लिहिलेली एकुलती एक फाईल असून, ती आली काय आणि गेली काय, यंत्रास पत्ताही लागत नाही. शिवाय कोडे एकदा उतरवून घेतले की ते सोडविण्यास इंटरनेट लागत नाही. या दुसऱ्या गुणाचे माहात्म्य पुढे रेल्वेच्या प्रकरणी येईल.

वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ साली निघाले, पाठोपाठ विरार आणि नायगावच्या बाजूसही महाविद्यालये आली, आणि या सर्वांतून दरसाल बाहेर पडणाऱ्या पदवीधरांस एक गोष्ट समान भोगावी लागते: नोकरभरतीस येणारी कंपनी उमेदवाराचे तोंड पाहण्यापूर्वी त्यास दोन-तीन कोडी घालते व घड्याळ लावून बसते. वडीलधाऱ्यांच्या काळी अर्ज, दाखला आणि ओळखीच्या गृहस्थाची चिठ्ठी एवढ्यावर भागत असे. आता चिठ्ठीचे महत्त्व उरले नाही असे नव्हे, परंतु ती कोड्यांच्या पलीकडच्या टेबलावर चालते.

आज्ञांची भीती मात्र या मुलखाने बाळगण्याचे कारण नाही. सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलाशासनांचे तुकडे सापडले आहेत, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरला तो याच परिसरात. म्हणजे आज ज्या गावी चाळीच्या जिन्यात बसून मुले आज्ञा टंकित करतात, त्या गावी बावीसशे वर्षांपूर्वी त्या दगडात खोदल्या जात असत. भेद एवढाच की अशोकाने प्रजेस आज्ञा केली, तीत उपदेश होता आणि प्रजेने तो कितपत पाळला याची नोंद दगडावर नाही. येथे प्रजा यंत्रास आज्ञा करते आणि यंत्र ती अक्षरशः, एका टिंबाचीही सूट न देता, पाळते. दुःखाचे मूळ नेमके तेथेच आहे.

आज्ञेची घडण अशी: प्रथम साधनाचे नाव, नंतर क्रियापद, आणि त्यानंतर दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी कलमे. या लेखात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत; यंत्रापुढे त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांतच रुजू कराव्या. त्या दोन रेघांविषयी विशेष ताकीद अशी की, वर्गमित्राने व्हॉट्सॲपवर धाडलेली किंवा वर्डमध्ये जपून ठेवलेली आज्ञा जशीच्या तशी उचलू नये. कारण मजकुराचे सौंदर्य वाढविण्याचा विडा उचललेली ही मंडळी दोन आखूड रेघांची एक लांब रेघ करून टाकतात आणि सरळ अवतरणचिन्हांना बाक आणतात. माणसाच्या डोळ्यास फरक दिसत नाही. यंत्रास तेवढाच दिसतो. या एका रेघेपायी पूर्ण संध्याकाळ खर्ची घालून अखेरीस लॅपटॉप बदलण्याच्या निर्णयाप्रत आलेले उमेदवार या तालुक्यात आहेत.

आता स्थापना. विंडोज वापरणाऱ्यांनी चॉकलेटी नावाच्या भांडारातून, मॅकवाल्यांनी होमब्रूमधून, आणि लिनक्सवाल्यांनी आपापल्या तत्त्वनिष्ठेनुसार साधन प्राप्त करून घ्यावे. मॅकवाल्यांस याहून अधिक मार्गदर्शनाची गरज नसते. त्यांची संख्याही आपल्याकडे बेताची. साधन यंत्रावर आले एवढ्याने ते यंत्रास ठाऊक झाले असे समजू नये. 'पाथ' नावाची एक यादी असते, तीत ज्या फोल्डरांची नावे आहेत तेवढ्याच ठिकाणी यंत्र आज्ञेचा शोध घेते. यादीबाहेर साक्षात ब्रह्मदेव बसलेला असला तरी त्याची दखल घेतली जात नाही. या विषयी एक संवाद, नालासोपाऱ्याहून उलटे विरारला जाऊन बसण्याची जागा मिळविलेल्या दोघांत झालेला, उपयुक्त वाटल्यावरून येथे देतो.

"दादा, सगळं टाकलं, तरी म्हणतंय ही आज्ञा ओळखत नाही."

"पाथमध्ये घातलंस?"

"घातलं ना. तीन वेळा घातलं."

"खिडकी बंद करून परत उघडलीस?"

"कुठली? ही आपली?"

"अरे, काळी खिडकी! जुनी उघडीच ठेवलीस तर तिला नवी यादी कशी कळणार?"

धाकट्याने तेथेच मांडीवर यंत्र उघडले, काळी खिडकी मिटली, पुन्हा उघडली, आणि साधनाने आपला आवृत्तिक्रमांक निमूटपणे सांगितला. धाकट्याने यावर 'एवढंच?' असे म्हटले. संगणकशास्त्रात या उद्गारास फार मोठी परंपरा आहे.

यानंतर सनद, म्हणजे टोकन. संकेतस्थळावर खाते उघडून सेटिंग्जच्या पानावरून अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ घ्यावी लागते. खाते उघडताना अटी मान्य असल्याच्या चौकटीत बरोबरची खूण करावी लागते व ती सर्वजण अटी न वाचता करतात. परंतु वसईकराने या बाबतीत दोन क्षण थबकावे, कारण घाईने अटी मान्य करण्याचा या भूमीचा अनुभव उत्साहवर्धक नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांकडून मार खाऊन निघालेले दुसरे बाजीराव कोकणातून समुद्रमार्गे वसईस आले आणि ३१ डिसेंबरास इंग्रजांच्या तहनाम्यावर शिक्का उठवून बसले. तैनाती फौज पदरात पडली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला, आणि परराज्यांशी बोलणे करण्याची मुखत्यारी कंपनीकडे गेली. एक्सरसिझमच्या अटी त्या मानाने पुष्कळ सौम्य आहेत. तरीही वाचाव्या.

सनद हाती आल्यावर काळ्या खिडकीत 'एक्सरसिझम कॉन्फिगर', त्यापुढे दोन रेघा, 'टोकन', बरोबरचे चिन्ह आणि मग ती माळ, असा अर्ज करावा. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे शोभेची मोकळी जागा सोडू नये. सनद चिकटविताना तिचे शेवटचे अक्षर निसटलेले नाही ना, याची खातरजमा करावी. ती दिली नाही आणि तसेच पुढे गेले तर साधन रागावत नाही. प्रथम स्वागत करते, मग सनद कोठे मिळेल तो पत्ता देते, आणि शेवटी आज्ञा कशी लिहावी त्याचा नमुनाही पुढे ठेवते. कचेरीच्या दारावर लावलेला अर्जाचा नमुना आणि आतील कारकुनाने मागितलेला नमुना एकच असणे, हा अनुभव उमेदवारास कदाचित प्रथमच येत असेल. त्याने गहिवरून न जाता पुढील कलमाकडे वळावे. मात्र ही सनद म्हणजे आपल्या खात्याची किल्ली होय. ती दिसत असलेल्या खिडकीचे छायाचित्र काढून 'भावांनो, झालं!' अशा मथळ्यासह वर्गाच्या गटात टाकण्याचा जो प्रघात आहे, तो आजपासून बंद करावा.

दुसरे आणि शेवटचे आवश्यक कलम म्हणजे कार्यशाळेची जागा, साधनाच्या भाषेत 'वर्कस्पेस'. उतरवून घेतलेली कोडी यंत्राच्या कोणत्या फोल्डरात राहावी, हे ठरवावयाचे. काहीच न सांगितल्यास साधन आपल्याच नावाचा फोल्डर गृहीत धरते. आणि त्या जागी आधीच काही असेल तर ते जी सूचना देते, तिचा मथितार्थ असा की, तेथे काहीतरी दिसते आहे, फोल्डर असल्यास बहुधा हरकत नसावी, फाईल असल्यास मात्र ती हलवावी किंवा दुसरी जागा सुचवावी. 'बहुधा हरकत नसावी' एवढा उमदा शेरा मी तरी आजवर कोणत्याही दफ्तरात पाहिलेला नाही.

एका खोलीत पाच माणसे आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी अभ्यासाचे टेबल, अशा घरात वाढलेल्या उमेदवारास आपल्या मालकीची जागा प्रथम मिळते ती येथे, आणि तिचे नामकरण करताना त्याच्या प्रतिभेस भरती येते. 'माझा अभ्यास फायनल', 'न्यू फोल्डर तीन', 'प्लेसमेंट नक्की' अशी नावे आढळतात. ती मनोज्ञ आहेत; परंतु नावात मोकळी जागा आली की काळी खिडकी एका नावाची तीन स्वतंत्र नावे समजते, आणि 'माझा' नावाचा फोल्डर मिळत नसल्याचे कळविते. अवतरणचिन्हांत बंद केल्यास चालते, पण प्रत्येक वेळी बंद करण्याची शिस्त माणसात असती तर त्याने मुळात असे नाव दिले नसते. तेव्हा एकच लहानसा रोमन शब्द घ्यावा. केलेली सर्व तजवीज एकदा पाहावयाची झाल्यास त्याच 'कॉन्फिगर' आज्ञेस दोन रेघांनी 'शो' हे कलम जोडावे.

येथे कॉन्फिगरेशन संपले. सनद आणि जागा, एवढ्या दोनच गोष्टी साधनास हव्या असतात, आणि चहा निवण्यापूर्वी त्या पुऱ्या होतात. परंतु इतक्या अल्पावधीत संपणाऱ्या कार्यास कोणी तयारी म्हणत नाही. म्हणून विद्वान उमेदवार येथून पुढे खऱ्या कॉन्फिगरेशनास आरंभ करतो. काळी खिडकी ती किती काळी असावी. अक्षरे हिरवी की केशरी. डाव्या हातास वेळ, तारीख, बॅटरी आणि चालू फोल्डर यांची रंगीत पताका असावी की नसावी. संपादक व्हिम घ्यावा की व्हीएस कोड, आणि व्हिम घेतल्यास त्यातून बाहेर पडण्याची विद्या कोणाकडून शिकावी. यात दोन पंधरवडे सहज निघून जातात. रात्री अकरा वाजता आई विचारते, "अरे, जेवून घेतोस ना? भात गार झाला." आतून उत्तर येते, "आलो गं, फक्त फॉन्ट बसवतोय." या पंथावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. फॉन्ट खरोखरच चांगला दिसतो. केवळ एवढेच नम्रपणे नमूद करतो की, या सर्व शृंगाराची एकही ओळ साधन वाचत नाही.

आता रेल्वेचे प्रकरण, ज्यासाठी मी ही लेखणी हाती घेतली. विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे उपनगरी गाडी प्रथम निघाली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि तेव्हापासून या मुलखाचा माणूस आयुष्याचा मोठा हिस्सा रुळांवर घालवीत आला आहे. चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. या प्रवासात कोणी भजन म्हणतो, कोणी भाजी निवडतो, कोणी चौथ्या सीटवर एका मांडीने टेकून झोपेची कला साधतो. मग उमेदवारानेच हात चोळत का उभे राहावे? त्याने निघण्यापूर्वी घरीच 'एक्सरसिझम डाउनलोड', पुढे 'ट्रॅक' या कलमात भाषेचे नाव आणि 'एक्सरसाइझ' या कलमात कोड्याचे नाव देऊन ते उतरवून घ्यावे. कोड्याचा फोल्डर आला की त्यात 'रीडमी' नावाची फाईल असते, तीत प्रश्न मांडलेला असतो, आणि काही वेळा 'हिंट्स' नावाची दुसरीही असते. विरारहून खिडकीची जागा मिळाली तर यंत्र उघडावे. नालासोपाऱ्यास ऐन गर्दीत दाराशी लोंबकळत चढावे लागले तर यंत्राचा विचारही करू नये. अशा वेळेसाठी रीडमीची फाईल आदल्या रात्रीच फोनवर घेऊन ठेवावी, एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने फोन धरून प्रश्न दोनदा वाचावा, फोन खिशात घालावा आणि उत्तराचा विचार डोक्यात करावा. भाईंदरच्या खाडीवर सिग्नल रुसला तरी यात खंड पडत नाही.

ही पद्धत मी थट्टेने सुचवीत आहे असे कोणास वाटेल, तसे नाही. कळफलक समोर असला की बोटे आधी धावतात आणि बुद्धी मागून येते. बोरिवलीला उतरू इच्छिणाऱ्याने विरार गाडीत चढण्याचे जे पातक केलेले असते, त्याविषयी शेजारी जे प्रवचन चालते ते कानाआड करून ज्याने एक याद्यांचे कोडे मनातल्या मनात सोडविले, त्यास परीक्षागृहातील शांतता म्हणजे चैन वाटेल.

पहिले कोडे कोणते, हे आता सांगावयास हरकत नाही. पायथन भाषेच्या मार्गावर पहिल्या पायरीस 'हॅलो, वर्ल्ड' असते, आणि त्याची फाईल उघडताच दिसते की, तेथे उत्तर आधीच लिहून ठेवलेले आहे. फक्त ते चुकीचे आहे. जगास नमस्कार करण्याऐवजी मंगळ ग्रहाचा निरोप घेणारे एक वाक्य तेथे बसविलेले असते. उमेदवाराने मंगळ काढून जग घालावयाचे व निरोपाचा नमस्कार करावयाचा. पत्रिकेतील मंगळापायी ज्या घरांत स्थळे मोडली आहेत, तेथे ही पायरी विशेष समाधानाने पार पाडली जाईल. मग 'एक्सरसिझम टेस्ट' अशी आज्ञा करावी. पायथनसाठी पायटेस्ट हे उपकरण आधी बसविलेले असावे लागते; ते नसेल तर दोष उत्तराचा नसून उपकरणाचा, हे ध्यानी घ्यावे व मंगळ परत आणू नये.

चाचणी उत्तीर्ण झाली की 'एक्सरसिझम सबमिट'. एका फाईलची मर्यादा ६५,५३५ बाइट्सची आहे. नमस्कारास एवढे लागू नये. एक धोका मात्र येथे नोंदवितो. आधी उतरवून घेतलेले कोडे पुन्हा उतरवू गेल्यास साधन नकार देते आणि त्यावर 'फोर्स' नावाचे एक कलम सुचविते. ते लावले की साधन नवी प्रत जुन्यावर चढविते आणि आपण गाडीत घडविलेले उत्तर गडप होते. जबरदस्तीचे कलम लावताना विचार करावा. आणि पावसाळ्यात, दिवे जाण्याची वेळ जवळ आली असताना, मुळीच लावू नये.

कोठे काही अडले तर 'एक्सरसिझम ट्रबलशूट' म्हणावे. साधन स्वतःची आवृत्ती, यंत्राची जात, फाईलींचे पत्ते आणि सर्व्हरांपर्यंतचा संपर्क यांचा एक तपशीलवार अहवाल सादर करते, व त्यात आपली सनद मुद्दाम झाकून दाखविते, म्हणजे तो अहवाल मदतीसाठी कोणाकडे धाडला तरी किल्ली जात नाही. ती उघडी दाखविण्याचेही कलम आहे. ते येथे देत नाही.

उत्तर सादर झाल्यावर साधन एक पत्ता छापते आणि गप्प बसते. बहुसंख्य उमेदवार येथेच समाधानाने काळी खिडकी मिटतात, आणि आठवड्याने पाहतात तो पुढची कोडी कुलूपबंद. कारण सादर करणे आणि पूर्ण होणे या येथे दोन वेगळ्या बाबी आहेत. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा लागतो. पंखा घरघरेल, घरघरू द्यावा. त्या पानावर कोडे पूर्ण झाल्याचा शेरा मारावयाचा असतो, आणि तो मारण्याचा अधिकार कोणा साहेबास नसून अर्जदारासच दिलेला आहे. त्याने तो मारावा, फार वेळ न्याहाळीत बसू नये, आणि पुढच्या कोड्याची आज्ञा त्याच संकेतस्थळावर तयार मिळते ती उचलून परत काळ्या खिडकीत यावे. सनद पुन्हा मागितली जात नाही.